माजी सैनिकांचे पुनर्वसन : नोकरी आणि घर

या टिपणात आपण काय पाहणार आहोत

- भारतात सैनिक लवकर निवृत्त का होतो आणि निवृत्तीच्या दिवशी त्याच्या हातून काय काय सुटते
- नोकरीसाठी असलेल्या सरकारी तरतुदी आणि वयाच्या सवलतीचा हिशेब
- घराचा निर्णय नोकरीच्या निर्णयापासून वेगळा का करता येत नाही
- सैनिकी कौशल्य नागरी भाषेत कसे मांडावे
- अग्निवीरांमुळे या विषयात होणारा बदल

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या महाविद्यालयाच्या फाटकावर, बँकेच्या दारात किंवा एटीएमजवळ बसलेला सुरक्षारक्षक माजी सैनिक असण्याची शक्यता बरीच असते. आपण त्याला नमस्कार करतो आणि पुढे जातो. तो आधी काय करत होता, हे आपण सहसा विचारत नाही.

मीही विचारले नव्हते. आमच्या महाविद्यालयाच्या फाटकावर सातारा जिल्ह्यातले एक हवालदार होते. एकदा प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी वीज गेली आणि जनरेटर सुरू होईना. कंत्राटदाराचा माणूस तासाभराने येणार होता. हवालदार फाटकावरून आले, इंधनाच्या नळीत अडकलेली हवा काढली आणि दहा मिनिटांत जनरेटर चालू करून परत जागेवर जाऊन बसले. चौकशी केली तेव्हा कळले की ते ईएमई दलात, म्हणजे सैन्याची यंत्रे आणि वाहने दुरुस्त करणाऱ्या दलात, २२ वर्षे होते.

पुढची गोष्ट सांगायला मला संकोच वाटतो. त्याच्या आदल्या वर्षी आमच्याकडे प्रयोगशाळा सहायकाची जागा निघाली होती. त्यांनी अर्ज केला होता आणि छाननी समितीत मी होतो. अर्हता 'आयटीआय किंवा डिप्लोमा' अशी होती. त्यांच्या अर्जासोबत सैन्यातील ट्रेडचे प्रमाणपत्र होते, आयटीआयचे नव्हते. मी त्या अर्जावर 'अपात्र' असा शेरा मारला. सैन्यातील ट्रेडना नागरी ट्रेडशी समकक्ष ठरवणारी यादी सरकारने केलेली आहे, हे मला ठाऊक नव्हते. नंतर मी त्यांच्याशी बोललो तेव्हा ते एवढेच म्हणाले, "सर, डिस्चार्ज बुकात सगळं लिहिलंय की. पण ते उघडून कोण बघतंय?"

तोवर जागा भरली गेली होती. या विषयाचा अभ्यास मी तिथून सुरू केला. हे टिपण म्हणजे त्या अभ्यासाचा सारांश आहे.

२. सैनिक इतक्या लवकर निवृत्त का होतो?

नागरी नोकरीत माणूस ५८ किंवा ६० व्या वर्षी निवृत्त होतो. सैन्याला मात्र तरुण जवान हवे असतात, कारण उंच डोंगरावर, वाळवंटात किंवा पाणबुडीत काम करायला शरीर तसे लागते. म्हणून शिपाई साधारण १७ ते २० वर्षांच्या सेवेनंतर बाहेर पडतो. पदोन्नती मिळाली तर नाईक, हवालदार, सुभेदार यांची सेवा काही वर्षांनी वाढते. अधिकारी पन्नाशीनंतर निवृत्त होतात. जवानांना निवृत्तिवेतनासाठी किमान १५ वर्षांची आणि अधिकाऱ्यांना २० वर्षांची सेवा लागते.

दरवर्षी सुमारे ६०,००० सैनिक सेवेतून बाहेर पडतात आणि त्यांतले बहुतेक ३५ ते ४५ या वयोगटातले असतात. या वयात मुले शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात आणि खर्च सर्वांत जास्त असतो. नागरी माणूस ज्या वयात कामात पुरता स्थिरावलेला असतो, त्या वयात सैनिकाला पुन्हा उमेदवार व्हावे लागते.

३. एकाच तारखेला काय काय सुटते?

सैन्य ही नोकरी असतेच, पण त्यासोबत बरेच काही येते. राहायला क्वार्टर, मुलांना छावणीतली शाळा, आजारपणाला सैनिकी रुग्णालय, किराण्याला कॅन्टीन, दिवसाचे ठरलेले वेळापत्रक आणि अडचणीला धावून येणारी पलटण. निवृत्तीच्या तारखेनंतर पगार थांबतो आणि क्वार्टर थोड्याच काळात रिकामे करावे लागते. वेळापत्रक आणि पलटण तर त्याच दिवशी सुटतात. कॅन्टीनचे कार्ड राहते. उपचारांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही अंशदायी आरोग्य योजना आहे, पण तिचे पॉलिक्लिनिक आपल्या गावाजवळ असेलच असे नाही.

'पुनर्वसन' या शब्दात 'वसणे' आहे. एखाद्या जागी घर करणे, तिथली माणसे जोडणे आणि तिथे पोट भरता येणे हे सगळे त्यात येते. धरणग्रस्तांच्या बाबतीत आपण हे चटकन मान्य करतो. केवळ पैसे दिले, जमीन दिली नाही तर पुनर्वसन झाले असे आपण म्हणत नाही. सैनिकाच्या बाबतीतही कसोटी तीच लावायला हवी. या टिपणाचा मुख्य मुद्दा हाच आहे: काम आणि घर हे दोन वेगळे प्रश्न समजून सोडवले तर दोन्हींची उत्तरे अर्धवट राहतात.

४. काम

४.१ यंत्रणा

संरक्षण मंत्रालयात २००४ पासून माजी सैनिक कल्याण विभाग स्वतंत्र आहे. त्याच्या अखत्यारीत पुनर्वसन महासंचालनालय (डीजीआर) आणि केंद्रीय सैनिक बोर्ड काम करतात. राज्यात राज्य सैनिक बोर्ड किंवा सैनिक कल्याण विभाग आणि जिल्ह्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते. सर्वसामान्य जवानाचा संबंध येतो तो या जिल्हा कार्यालयाशी. रोजगारासाठी नावनोंदणी, मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, वीरपत्नींच्या निवृत्तिवेतनाच्या अडचणी ही सगळी कामे तिथे होतात.

४.२ आरक्षण

केंद्र सरकारच्या गट 'क' मधील थेट भरतीत माजी सैनिकांना १० टक्के आणि पूर्वीच्या गट 'ड' मध्ये २० टक्के जागा राखीव आहेत. सार्वजनिक उपक्रम आणि राष्ट्रीयीकृत बँकांत हेच प्रमाण १४.५ आणि २४.५ टक्के आहे. यात ४.५ टक्के वाटा युद्धात अपंगत्व आलेल्या सैनिकांचा आणि वीरगती मिळालेल्यांच्या कुटुंबीयांचा आहे. राज्यांची आपापली वेगळी प्रमाणे आहेत.

शिक्षणाच्या अटीतही सवलत आहे. दहावी उत्तीर्ण किंवा सैन्याचे विशेष शिक्षण प्रमाणपत्र मिळवलेल्या आणि किमान १५ वर्षे सेवा झालेल्या सैनिकाला गट 'क' च्या ज्या राखीव जागांसाठी पदवी लागते, पण तांत्रिक अनुभव लागत नाही, तिथे पात्र धरता येते.

तरीही राखीव जागांपैकी बऱ्याच रिकाम्या राहतात. कारणे अनेक आहेत. जागा एका राज्यात निघते आणि उमेदवाराचे कुटुंब दुसऱ्या राज्यात असते. तांत्रिक जागेसाठी छाननी करणाऱ्याला समकक्षता माहीत नसते. वीस वर्षांनी पुन्हा गणित आणि इंग्रजीची स्पर्धा परीक्षा द्यायची असते. आणखी एक नियम फार जणांना उशिरा कळतो. आरक्षणाचा लाभ घेऊन एकदा नागरी सरकारी नोकरीत रुजू झाल्यावर तो पुन्हा मिळत नाही. अपवाद फक्त रुजू होण्यापूर्वी केलेल्या आणि रुजू होताना लेखी जाहीर केलेल्या अर्जांचा. म्हणून पहिली नोकरी स्वीकारण्याआधी केलेल्या सर्व अर्जांची यादी तारखांसह ठेवणे महत्त्वाचे.

४.३ वयाच्या सवलतीचा हिशेब

केंद्राचा नियम असा आहे: सध्याच्या वयातून सैनिकी सेवेची वर्षे वजा करा. आलेली संख्या कमाल वयोमर्यादेपेक्षा ३ वर्षांहून जास्त नसेल तर उमेदवार पात्र.

*सोडवलेले उदाहरण.* एक जवान २० व्या वर्षी भरती झाला, १९ वर्षे सेवा करून ३९ व्या वर्षी निवृत्त झाला. पदाची वयोमर्यादा २७ वर्षे आहे. ३९ − १९ = २०. मर्यादा २७ + ३ = ३०. म्हणजे तो पात्र आहे.

तोच जवान आणखी ११ वर्षांनी, ५० व्या वर्षी अर्ज करतो. ५० − १९ = ३१. आता तो अपात्र आहे.

हा हिशेब नीट पाहिला तर एक सोपी गोष्ट दिसते. वजाबाकीनंतर उरते ते म्हणजे भरतीच्या वेळचे वय अधिक निवृत्तीनंतर बाहेर गेलेली वर्षे. सेवा कितीही लांब असली तरी फरक पडत नाही. फरक पडतो तो निवृत्तीनंतर गेलेल्या वर्षांनी. 'आधी घर बांधू, शेती बघू, मग नोकरीचे पाहू' असे म्हणणाऱ्याच्या हातातली संधी दरवर्षी एका वर्षाने कमी होत असते.

४.४ प्रशिक्षण आणि स्वयंरोजगार

सेवेच्या शेवटच्या काळात डीजीआरमार्फत पुनर्वसन अभ्यासक्रम करता येतात. जवान आणि जेसीओंसाठी ते मोफत असतात. अधिकाऱ्यांना शुल्काचा ४० टक्के भाग स्वतः भरावा लागतो आणि त्यांना आयआयएमसारख्या संस्थांतून व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम करता येतात. स्वयंरोजगारासाठी सुरक्षा एजन्सी, कोळसा वाहतूक, पेट्रोलपंप, गॅस वितरण, दूध केंद्र अशा योजना आहेत.

अनेक राज्यांनी माजी सैनिकांची महामंडळे काढली आहेत. महाराष्ट्रात 'मेस्को', पंजाबात 'पेस्को', तमिळनाडूत 'टेक्स्को', उत्तराखंडात 'उपनल'. सरकारी कार्यालये, धरणे, वीजकेंद्रे यांना ही महामंडळे मनुष्यबळ पुरवतात. यामुळे हजारो घरांत चूल पेटते, हे खरे आहे. पण यातली बरीच कामे सुरक्षारक्षकाची आणि कंत्राटी असतात. २००५ च्या खाजगी सुरक्षा एजन्सी कायद्यातही रक्षक नेमताना माजी सैनिकांना प्राधान्य देता येते असे म्हटले आहे. त्यामुळे 'माजी सैनिक म्हणजे सुरक्षारक्षक' ही वाट सर्वांत रुळलेली झाली. रडार दुरुस्त करणारा आणि पायदळातला शिपाई दोघेही शेवटी एकाच फाटकावर येतात.

४.५ कौशल्याचे भाषांतर

माझ्या मते अडचणीचे मूळ इथे आहे. प्लग चांगला आहे, सॉकेटमध्ये वीज आहे, पण दोघांचा आकार जुळत नाही. सैनिकाच्या कागदपत्रांतले शब्द नागरी मालकाला कळत नाहीत आणि मालकाच्या जाहिरातीतले शब्द सैनिकाला आपले वाटत नाहीत. काही उदाहरणे पाहा.

- कंपनी हवालदार मेजर: साधारण शंभरावर माणसांची रोजची हजेरी, ड्यूटी, रजा आणि शिस्त सांभाळणे. नागरी भाषेत: पाळी पर्यवेक्षक, मनुष्यबळ समन्वयक.
- क्वार्टर मास्टर स्टोअरचे काम: साठा नोंदवही, मागणीपत्रे, वार्षिक मोजणी, ऑडिटला उत्तरे देणे. नागरी भाषेत: भांडारपाल, गोदाम व्यवस्थापन.
- एमटी हवालदार: वाहनांचा ताफा, इंधनाचा हिशेब, देखभालीचे वेळापत्रक, चालकांच्या पाळ्या. नागरी भाषेत: वाहतूक पर्यवेक्षक.
- सिग्नल्समधील तंत्रज्ञ: केबल टाकणे, दोष शोधणे, नेटवर्क अखंड चालू ठेवणे. नागरी भाषेत: दूरसंचार किंवा नेटवर्क तंत्रज्ञ.
- प्रशिक्षण केंद्रातील उस्ताद: नवख्यांना ठरलेल्या आठवड्यांत काम शिकवून त्यांची परीक्षा घेणे. नागरी भाषेत: कारखान्यातील प्रशिक्षक, सुरक्षितता प्रशिक्षक.

'२२ वर्षे सेवा, वर्तणूक उत्कृष्ट' एवढेच लिहिलेल्या बायोडेटाला सुरक्षारक्षकाचीच नोकरी मिळेल. '४० डिझेल जनरेटरची देखभाल, १२ जणांच्या कार्यशाळेचे पर्यवेक्षण' असे लिहिले तर देखभाल विभागातला अभियंता तो कागद बाजूला ठेवणार नाही.

५. घर

निवृत्तीच्या वेळी जवानाच्या हाती एकरकमी पैसा येतो: उपदान, भविष्य निर्वाह निधी, गटविम्याची रक्कम आणि निवृत्तिवेतनाच्या अंशराशीकरणाचे पैसे. अंशराशीकरण म्हणजे निवृत्तिवेतनाचा काही भाग आगाऊ, एकरकमी घेणे. सैनिकांना ५० टक्क्यांपर्यंत भाग असा घेता येतो आणि तो १५ वर्षांनी पूर्ववत होतो.

इथे थांबून विचार करा. ३८ व्या वर्षी पूर्ण ५० टक्के अंशराशीकरण केले तर ५३ व्या वर्षापर्यंत मूळ निवृत्तिवेतन निम्मेच मिळते. मुलांची बारावी, पदवी, लग्ने याच १५ वर्षांत येतात. हातात आलेली सगळी रक्कम गावात दुमजली घर बांधण्यात घातली आणि गावात काम नसले, तर घर झाले पण संसार दोन ठिकाणी झाला असे होते. माणूस शहरात भाड्याच्या खोलीत, सुरक्षारक्षकाच्या पगारावर. कुटुंब गावच्या नव्या घरात. नोकरीत असतानाचा विरह निवृत्तीनंतरही संपत नाही.

उलट बाजूही आहे. शहरात फ्लॅट घेतला तर शाळा आणि काम मिळते, पण हप्त्यांचे ओझे आणि अनोळखी शेजार येतो. म्हणूनच पुणे, देहरादून, जालंधर, सिकंदराबाद अशा छावणीच्या शहरांभोवती माजी सैनिकांच्या वसाहती वाढल्या. रुग्णालय, कॅन्टीन, पॉलिक्लिनिक आणि ओळखीची भाषा बोलणारे शेजारी तिथे एकत्र मिळतात. सुटलेल्या गोष्टी लोकांनी आपापल्या परीने अशा पुन्हा जमवल्या.

संस्थात्मक मदत पुढीलप्रमाणे. १९७८ मध्ये स्थापन झालेली आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशन 'ना नफा ना तोटा' तत्त्वावर सदस्यांच्याच पैशांतून गृहप्रकल्प उभारते. नौदल आणि हवाई दलासाठी एअर फोर्स नेव्हल हाउसिंग बोर्ड आहे. केंद्रीय सैनिक बोर्डाकडून वीरपत्नी आणि अपंग सैनिकांना घरासाठी साहाय्य मिळते. महाराष्ट्रात माजी सैनिकांच्या घराला मालमत्ता करात माफीची योजना आहे. गृहप्रकल्पांना नोंदणीनंतर काही वर्षे लागतात, म्हणून सेवेत असतानाच नाव नोंदवावे लागते. निवृत्तीच्या पत्राची वाट पाहणाऱ्याला उशीर झालेला असतो.

घरात आणखी एक बदल होतो, तो कोणत्याही योजनेत नाही. वीस वर्षे घर एकट्या पत्नीने चालवलेले असते. बँक, शेती, सासूसासऱ्यांचे औषधपाणी, मुलांच्या शाळा यांचे निर्णय तिचे असतात. निवृत्त होऊन आलेला माणूस घराला पलटणीसारखे आदेश देऊ लागला तर खटके उडतात. सातबारावर भावांची नावे असतात, वाटणी झालेली नसते. जुळवून घेणे दोन्ही बाजूंनी लागते आणि सकाळी जायला काम असेल तर ते सोपे जाते.

६. काम आणि घर जिथे एकत्र पाहिले गेले

*अमेरिका, १९४४.* दुसरे महायुद्ध संपत आले असताना तिथे 'जीआय बिल' या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. एकाच कायद्यात शिक्षणाचा खर्च, घरकर्जाची हमी आणि काम मिळेपर्यंत भत्ता या तिन्ही गोष्टी होत्या. ७८ लाख माजी सैनिकांनी शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतले. दोषही होता: कर्ज द्यायचे की नाही हे स्थानिक बँकांच्या हाती राहिल्याने कृष्णवर्णीय सैनिकांना घराचा लाभ फारसा मिळाला नाही. योजना दिल्लीत किंवा वॉशिंग्टनमध्ये ठरते, पण तिचे काय होते हे शेवटच्या टेबलावरचा माणूस ठरवतो. माझ्या 'अपात्र' शेऱ्याची आठवण इथे पुन्हा येते.

*भारत, १९८२.* मसुरीच्या डोंगरांत चुनखडीच्या खाणींनी उतार उघडे पडले होते. तिथे झाडे लावण्यासाठी गढवाल भागातल्या माजी सैनिकांची प्रादेशिक सेनेची १२७ वी 'इको' बटालियन उभी केली गेली. पुढे राजस्थानात कालव्याच्या पट्ट्यात आणि इतर राज्यांतही अशा बटालियन आल्या. २०१७ मध्ये मराठवाड्यासाठी १३६ वी इको बटालियन उभी राहिली. यात काम आपल्या भागातले, गणवेश आणि शिस्त ओळखीची, आणि सुट्टीत घर जवळ. सैन्य आणि गाव यांच्यामधली ही पायरी आहे.

*पुण्याजवळची खडकी.* इथे १९१७ पासून चालत आलेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट अपंग सैनिकांना व्यवसाय शिकवते, आणि पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. चाकाच्या खुर्चीतून वावरता येईल असे निवासस्थान, उपचार आणि काम हे सगळे एकाच आवारात आहे. ज्यांची गरज सर्वांत कठीण, त्यांच्यासाठी हा विचार आपण फार पूर्वी केला. तो बाकीच्यांपर्यंत पोहोचायचा आहे.

७. अग्निवीर : तुमच्याच वयाचे माजी सैनिक

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. सेवा चार वर्षांची, त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंत जवान कायम होणार आणि बाकीचे बाहेर पडणार. बाहेर पडताना सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी मिळतो. निवृत्तिवेतन मिळत नाही. पहिल्या तुकड्यांचे प्रशिक्षण २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला सुरू झाले, म्हणजे त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस आणि २०२७ च्या सुरुवातीला पूर्ण होतात.

त्यांचे वय तेव्हा २२ ते २७ च्या आसपास असेल. आतापर्यंतच्या यंत्रणेने चाळिशीतला, निवृत्तिवेतन असलेला, कुटुंबवत्सल माणूस डोळ्यांसमोर ठेवला होता. अग्निवीराचा प्रश्न वेगळा आहे. त्याला आधी पदवी पूर्ण करायची आहे. त्यासाठी इग्नूमार्फत सैनिकी प्रशिक्षणाला निम्मे श्रेयांक देणारा पदवी अभ्यासक्रम जाहीर झाला आहे. निमलष्करी दलांत राखीव जागाही जाहीर झाल्या आहेत. पण सेवानिधी एकदाच मिळतो. तो घराच्या पायात घालायचा, शिक्षणात की व्यवसायात, हे त्याला पंचविशीच्या आत ठरवायचे आहे. हा मुलगा तुमच्या शेजारच्या बाकावर बसेल, तुमच्याच मुलाखतीच्या रांगेत असेल.

८. तुम्ही काय करू शकता?

१. आपल्या जिल्ह्याचे सैनिक कल्याण कार्यालय कुठे आहे ते शोधा. गावातल्या निवृत्त होऊ घातलेल्या जवानाला सुट्टीत भेटून ते सांगा.
२. डिस्चार्ज बुक समोर ठेवून त्याच्याशी तासभर बोला आणि बायोडेटा नागरी भाषेत लिहून द्या. पद विचारू नका, दिवसभरात काय करायचे ते विचारा.
३. पुढे तुम्ही मनुष्यबळ विभागात, बँकेत किंवा कारखान्यात जाल. अर्ज नाकारण्यापूर्वी समकक्षतेची यादी पाहा.
४. अंशराशीकरण आणि घरकर्ज यांचा १५ वर्षांचा तक्ता करून द्या. वाणिज्य आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे अर्ध्या तासाचे काम आहे.

आमच्या महाविद्यालयाने आता जाहिरातीत 'आयटीआय किंवा समकक्ष सैनिकी ट्रेड' असे लिहायला सुरुवात केली आहे. ते हवालदार अजून फाटकावर आहेत. जनरेटरची मासिक तपासणी मात्र त्यांच्याकडे आहे आणि तिचा वेगळा मोबदला त्यांना मिळतो. त्यांच्या वीस वर्षांच्या कामाच्या मानाने हे फार थोडे आहे, हे मी जाणून आहे.

सारांश

सैनिक चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो आणि काम, निवारा व सोबत एकाच वेळी गमावतो. नोकरीसाठी तरतुदी आहेत, पण समकक्षतेच्या अज्ञानामुळे आणि ठिकाणाच्या अडचणीमुळे त्या पुऱ्या पोहोचत नाहीत. घराचा निर्णय कामाच्या ठिकाणापासून तोडला की कुटुंब विभागले जाते. म्हणून दोन्हींचे नियोजन सेवेतच, किमान काही वर्षे आधी सुरू व्हायला हवे.

स्वाध्याय

१. एक जवान १९ व्या वर्षी भरती झाला आणि १७ वर्षांनी निवृत्त झाला. २५ वर्षे वयोमर्यादेच्या केंद्र सरकारी पदासाठी निवृत्तीनंतर जास्तीत जास्त किती वर्षांपर्यंत तो पात्र राहील? (उत्तर: ९ वर्षे)
२. पूर्ण अंशराशीकरण करून गावात घर बांधणे आणि अंशराशीकरण न करता शहरात भाड्याने राहणे, या दोन पर्यायांचे फायदे-तोटे लिहा.
३. तुमच्या ओळखीच्या एका माजी सैनिकाशी बोलून त्याच्या सेवेतील कामाचे नागरी भाषेत १५० शब्दांत वर्णन करा.
४. अग्निवीराच्या आणि १७ वर्षे सेवा केलेल्या शिपायाच्या पुनर्वसनाच्या गरजांत कोणते तीन फरक आहेत?